पाकळी स्वीकारणाऱ्यांस : सणासुदीच्या लहान देणग्यांविषयी खुले पत्र

प्रति,
सणासुदीच्या दिवसांत देणग्या, वस्तू आणि स्वयंसेवक गोळा करणाऱ्या सर्व धर्मादाय संस्थांचे विश्वस्त व व्यवस्थापक यांस

विषय : लहान देणग्या कामाला लावण्याबाबत

स. न. वि. वि.

मी तुमची मोठी देणगीदार नाही. तुमच्या कोणत्याही इमारतीच्या भिंतीवर माझ्या नावाची पाटी नाही आणि तुमच्या वार्षिक अहवालात माझा समावेश ‘इतर’ या शब्दात होतो. सण जवळ आला की जमेल तेवढी रक्कम, कपाटातले चार बरे कपडे आणि सुटीचे दोन दिवस तुमच्या हवाली करणाऱ्या असंख्य माणसांपैकी मी एक आहे. देताना आम्ही संकोचून म्हणतो, “फूल ना फुलाची पाकळी,” आणि तुमच्याकडून हसतमुखाने उत्तर येते की आम्हाला पाकळीसुद्धा फुलाएवढीच मोलाची. हे उत्तर ऐकायला बरे वाटते, पण ते खरे असते तर पाकळीचे पुढे काय झाले याची विचारपूस फुलाइतकीच झाली असती. ती होत नाही, हे मी तुमच्याच आवारात काम करताना पाहिले आहे.

माझी तक्रार कोणा एका संस्थेविरुद्ध नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की आमच्या लहान दानाला सणाची शोभा समजू नका. त्याच्याकडून काम करून घ्या, आणि तसे काम होण्यासाठी तुमच्या मागण्याच्या, घेण्याच्या आणि सांभाळण्याच्या रीतीत जे बदलावे लागेल ते बदला.

दोन वर्षांपूर्वी सणाच्या आधीच्या आठवड्यात एका संस्थेत आलेल्या वस्तू निवडण्याच्या कामाला मी तीन दिवस बसले होते. खोली खोक्यांनी छतापर्यंत भरली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या हाती लहान मुलांच्या चित्रकोड्याचा एक डबा आला. झाकणावर 100 तुकडे असे छापले होते. शेजारी बसलेल्या जुन्या कार्यकर्त्या म्हणाल्या, “मोजा, नाहीतर मूल शेवटच्या तुकड्यापाशी येऊन रडेल.” मी मोजले, तर 93 निघाले. सात तुकडे कमी असलेले चित्र कोणाला द्यावे की देऊ नये यावर आम्ही दोघी पाचेक मिनिटे बोललो आणि अखेर तो डबा कोपऱ्यातल्या टाकाऊ ढिगावर गेला. त्याच ढिगात एकाच पायाचे चार बूट, मुदत उलटून गेलेल्या औषधांच्या पट्ट्या आणि चेन तुटलेल्या पिशव्या होत्या. दुसऱ्या बाजूला, ड्रायक्लीनिंगची चिठ्ठी अजून पिनेने लावलेला एक लोकरीचा कोटही आला होता. तो देणाऱ्याने किती काळजीने दिला असेल हे त्या चिठ्ठीवरून कळत होते, पण असे कोट मोजकेच होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खोकी संपली तेव्हा ठेवण्याजोगा ढीग निम्म्याहूनही कमी भरला, आणि टाकाऊ माल उचलून नेण्यासाठी बोलावलेल्या गाडीचे भाडे संस्थेने भरले. ते भाडे कुठून आले असेल, हा प्रश्न माझ्या मनातून आजही जात नाही, कारण आदल्याच आठवड्यात मी तिथे रोख देणगी दिली होती.

मी व्यवस्थापकांना विचारले की हे सगळे घेता तरी कशाला. ते म्हणाले, “नाही म्हटले की लोक दुखावतात आणि पुढच्या वर्षी येत नाहीत.” आपल्याकडे ‘धर्माची गाय अन् दात का गं नाय’ अशी म्हण आहे आणि फुकट मिळाले त्याची चिकित्सा करणाऱ्याचे तोंड बंद करायला ती सर्रास वापरली जाते. मला मात्र वाटते की तुम्ही दात मोजलेच पाहिजेत. ती गाय शेवटी कोणाच्या तरी गोठ्यात बांधायची असते आणि तिच्या वैरणीचा खर्चही कोणाला तरी करायचा असतो.

हा प्रश्न वाईट मनाने दिलेल्या वस्तूंपुरता असता तर सोपा होता. 14 डिसेंबर 2012 रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या न्यूटाउन या गावी एका प्राथमिक शाळेत गोळीबार होऊन 20 मुले आणि 6 मोठी माणसे मृत्युमुखी पडली. नाताळ अवघ्या अकरा दिवसांवर होता. हळहळलेल्या लोकांनी ठिकठिकाणांहून त्या गावाकडे खेळणी पाठवायला सुरुवात केली आणि सुमारे 65,000 टेडी बेअर तिथे येऊन पोहोचले. त्या गावाची एकूण लोकसंख्याच तीस हजारांच्या आत होती. दुःखात बुडालेल्या गावाला गोदाम शोधावे लागले, वस्तू लावायला स्वयंसेवक उभे करावे लागले आणि मग ती खेळणी इतरत्र वाटायची व्यवस्था पाहावी लागली. पाठवणाऱ्यांपैकी एकाचाही हेतू वाईट नव्हता, बहुतेकांनी एखाददुसरेच अस्वल पाठवले असेल. लहान दान एकेकटे लहान असते, पण पोहोचते तेव्हा ते ढिगाने पोहोचते. हा ढीग आधीच दिसू शकेल अशा जागी फक्त तुम्ही बसलेले असता, दिलेले एक अस्वल सोडून आम्हाला दुसरे काही दिसत नाही.

म्हणून सणाच्या आधी, निदान महिनाभर आधी, काय हवे आणि काय नको याची यादी लावा, आणि तिच्यातला ‘नको’चा भाग ‘हवे’च्या भागाइतक्याच मोठ्या अक्षरांत असू द्या. पैसे हवे असतील तर पैसे हवेत असे सरळ म्हणा. पैसे मागायला तुम्ही लाजता आणि द्यायला आम्ही लाजतो, कारण हातात वस्तू ठेवली की दिल्यासारखे वाटते आणि लहानशी रक्कम ठेवली की फक्त तिचे लहानपण दिसते. या दोघांच्या लाजेपायी भाड्याच्या गाडीवाल्याचा तेवढा फायदा होतो.

लहान रक्कम मागण्यात लाजण्यासारखे काही नाही, याला जुना पुरावा आहे. रॉबर्ट चालडिनी आणि डेव्हिड श्रोडर या मानसशास्त्रज्ञांनी 1976 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कर्करोगाविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेसाठी दारोदार देणगी मागताना काही घरी नेहमीची विनंती केली गेली आणि काही घरी तिच्यापुढे ‘अगदी एक पेनी दिलीत तरी मदत होईल’ एवढे एकच वाक्य जोडले गेले. पहिल्या घरांपैकी 28.6 टक्क्यांनी देणगी दिली, दुसऱ्यांपैकी 50 टक्क्यांनी, आणि देणाऱ्यांनी रक्कमही खाली आणली नाही. आपले देणे फार थोडे दिसेल या भीतीने अनेक माणसे काहीच देत नाहीत, आणि ती भीती एका वाक्याने जाते.

त्याहूनही मला प्रिय असलेले उदाहरण डेन्मार्कमधील आयनार होल्बोल या टपाल कर्मचाऱ्याचे आहे. 1903 च्या नाताळात शुभेच्छापत्रांचे ढीग हाताळताना त्याला सुचले की प्रत्येक पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी आणखी एक शोभेचे तिकीट लावले, त्याची किंमत अगदी क्षुल्लक ठेवली आणि आलेले पैसे क्षयरोगी मुलांसाठी वापरले, तर सणाच्या गर्दीतच काम होऊन जाईल. 1904 च्या डिसेंबरात ते तिकीट दोन ओरे (ओरा हे तिथले अगदी लहान नाणे) या किमतीला विक्रीस आले, त्यावर राणी लुईझची प्रतिमा होती आणि पहिल्याच हंगामात ती चाळीस लाखांहून अधिक खपली. त्या तिकिटांच्या पैशांतून कोल्डिंग येथे उभे राहिलेले मुलांचे आरोग्यधाम 1911 साली सुरू झाले. ही कल्पना समुद्रापार गेली तेव्हा अमेरिकेत एमिली बिसेल या कार्यकर्तीने 1907 साली एका लहान क्षयरोग उपचारकेंद्रासाठी एकेका सेंटची तिकिटे छापली. तिला 300 डॉलर हवे होते, जमले सुमारे 3,000.

या तिकिटांची गोष्ट सांगताना बहुतेक जण ‘थेंबे थेंबे तळे साचे’ म्हणून मोकळे होतात, पण तळे साचायला आधी खड्डा खणावा लागतो, आणि होल्बोलचे खरे कौशल्य त्या खड्ड्यात होते. त्याने देणाऱ्याला वेगळे कुठे यायला लावले नाही, कारण पत्र टाकायला माणूस टपालकचेरीत येणारच होता. देणाऱ्याचे नाव कुठेही लिहिले जात नव्हते, म्हणून दोन ओरे देणारा आणि दोनशे तिकिटे घेणारा यांच्यात उंचनीच उरली नाही. पैसे कशासाठी जात आहेत हे एका शब्दात सांगता येत होते. आणि कोणाचे आभार मानण्यासाठी एक ओराही खर्च होत नव्हता, कारण चिकटवलेले तिकीट हीच पावती होती आणि पत्र ज्याला मिळे त्याला तेच आमंत्रणही होते. तुमच्यापैकी किती संस्थांच्या सणाच्या आवाहनात या चारही गोष्टी एकत्र सापडतात, हे तुम्हीच एकदा तपासून पाहा.

आता एक कटू भाग सांगते, जो वाचताना मी स्वतःही ओशाळले होते. स्टेफानो डेलाविन्या, जॉन लिस्ट आणि उल्रिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो शहराच्या परिसरात दारोदार देणगी मागण्याचा एक प्रयोग केला आणि 2012 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही घरांच्या दारांवर आदल्या दिवशी एक पत्रक अडकवले होते, ज्यात देणगी मागायला माणूस कधी येईल हे लिहिले होते आणि शिवाय ‘येऊ नये’ अशी खूण करण्यासाठी एक चौकट होती. अशी चौकट असलेल्या घरांत देणगी देण्याचे प्रमाण 28 ते 42 टक्क्यांनी घटले, आणि ही घट मुख्यतः 10 डॉलरपेक्षा लहान देणग्यांत झाली. टाळायची सोय मिळताच जी देणगी नाहीशी होते, ती मुळात मनापासून दिलेली नव्हती, समोर उभ्या माणसाला नाही म्हणवत नाही म्हणून दिलेली होती. म्हणजे ज्या लहान दानाची तरफदारी मी इथे करते आहे, त्याचा बराचसा भाग भिडेपोटी येतो.

नाताळच्या दिवसांत साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संघटनेचे कार्यकर्ते दुकानांबाहेर घंटा वाजवून निधी गोळा करतात, त्यांच्यावरही जेम्स आंद्रेओनी आणि सहकाऱ्यांनी बोस्टनजवळच्या एका सुपरमार्केटबाहेर असाच अभ्यास केला आणि तो 2017 साली प्रसिद्ध झाला. कार्यकर्ता नुसता घंटा वाजवत उभा न राहता तोंडाने ‘कृपया द्या’ म्हणाला की देणारे खूप वाढत, पण त्याच वेळी पुष्कळ लोक वळसा घालून दुसऱ्या दाराने जात. तुमच्या पेटीजवळून खाली मान घालून, फोन कानाला लावून जाणारी जी माणसे तुम्हाला दिसतात, त्यांना निष्ठुर समजू नका. समोर उभे राहिले तर आपण विरघळू हे त्यांना ठाऊक असते, म्हणून ती वळसा घालतात.

यावर तुमचा कोणी निधिसंकलक म्हणेल की भिडेने का होईना, पैसे आले ना. आले, पण भिडेने दिलेल्याला पुढच्या वर्षी टाळण्याची वाट आधीच सापडलेली असते. विशेषतः कार्यालयांत सणाच्या निमित्ताने फिरणारी यादी, ज्यात प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम लिहिलेली असते आणि वरच्या साहेबाचा आकडा सर्वांत वर असतो, ती तुम्ही कृपया बंद करा. नव्याने नोकरीला लागलेल्या माणसाला त्या यादीपुढे पेन हातात घेऊन थबकलेले मी पाहिले आहे. बंद पेटी ठेवा, तिच्यावर हेतू लिहा, आणि काहीही न देता पुढे जाण्याइतकी वाट तिच्या बाजूने मोकळी सोडा. एक पेनीसुद्धा चालेल हे वाक्यही तेव्हाच प्रामाणिक राहील, नाहीतर तेही माणसांना पकडण्याची नवी युक्ती होऊन बसेल.

परतभेटीबद्दल थोडक्यात लिहिते. गेल्या वर्षी मी दिलेल्या लहानशा रकमेबद्दल एका संस्थेने मला चकचकीत दिनदर्शिका, दोन पेन आणि विश्वस्तांच्या सहीचे आभारपत्र जाड पाकिटातून पाठवले. तो सगळा ऐवज टपालखर्चासह माझ्या देणगीच्या जवळपास जाईल असे हातात तोलूनच कळत होते. परतभेटीने देणग्या वाढतात असे तुम्ही म्हणाल आणि त्याला आधारही आहे. आर्मिन फाल्क यांनी स्वित्झर्लंडमध्ये नाताळापूर्वीच्या सुमारे दहा हजार आवाहनपत्रांवर केलेल्या प्रयोगात, जो 2007 साली प्रसिद्ध झाला, मुलांनी काढलेल्या चित्राचे एक कार्ड सोबत असता देणारे 17 टक्क्यांनी आणि चार कार्डे असता 75 टक्क्यांनी वाढले. पण जॉर्ज न्यूमन आणि जेरेमी शेन यांच्या 2012 च्या अभ्यासात देणगीच्या बदल्यात भेट देऊ केल्यावर लोकांनी कमी रक्कम दिली. फरक मला असा दिसतो की मुलांचे चित्र कामाची आठवण करून देते, तर पेन सौद्याची. माझ्यापुरते सांगायचे तर मला दोन ओळींचा संदेश पुरे आहे, ज्यात माझे पैसे कोणत्या कामात मिसळले एवढे लिहिलेले असावे.

आणि आता छायाचित्रांविषयी. एका वाटपाच्या कार्यक्रमाला मी मदतनीस म्हणून गेले होते. रांगेतल्या सात-आठ वर्षांच्या एका मुलीला पाहुण्यांनी पिशवी दिली, ती दोन्ही हातांनी घेऊन ती वळली, तेवढ्यात छायाचित्रकार म्हणाला, “परत एकदा, साहेबांचा चेहरा आला नाही.” तिच्या हातातली पिशवी काढून पाहुण्यांच्या हातात दिली गेली. त्या क्षणी तिने आईकडे पाहिले, आपले काही चुकले का असे विचारल्यासारखे. मग पिशवी पुन्हा तिला मिळाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या पिशवीतली एखादी वस्तू माझ्याही पैशांची असेल. माझ्या पाकळीची किंमत त्या मुलीने अशी मोजावी हे मला मान्य नाही, आणि हे छायाचित्र देणगीदारांना हवे असते असे तुम्ही म्हणत असाल तर माझ्यासारख्यांना एकदा विचारून तरी पाहा. साठवणीची खोली, भरलेले रजिस्टर, दुरुस्त झालेले छप्पर, यांची छायाचित्रे पाठवा. ती कंटाळवाणी असतील, पण त्यांत कोणालाही पिशवी परत करावी लागत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र काळाचा आहे. सणाच्या दिवशी तुमच्याकडे वाढायला, वाटायला, मुलांना गोष्टी सांगायला इतके लोक येतात की आम्ही एकमेकांच्या पायांत येतो, आणि सण उलटल्यावर तिसऱ्या आठवड्यात रजिस्टरच्या पानावर एकही सही नसते. रक्तदानाच्या बाबतीत याचा हिशेब अगदी स्पष्ट दिसतो. साठवणुकीच्या द्रावणानुसार लाल पेशी 35 ते 42 दिवस टिकतात आणि प्लेटलेट सर्वसाधारणपणे 5 दिवसच. उत्सवाच्या एका दिवशी मोठे शिबिर भरवून विक्रमी बाटल्या गोळा केल्या, तर त्यांतल्या प्लेटलेट पुढच्या आठवड्यातल्या रुग्णाच्या उपयोगाच्या राहत नाहीत, आणि ज्यांनी त्या दिवशी रक्त दिले ते सगळेच्या सगळे पुढचे काही आठवडे किंवा महिने एकदम अपात्र होतात. लांब सुटीत नियमित रक्तदाते गावाबाहेर गेलेले असताना अपघात आणि प्रसूती काही थांबत नाहीत. तोच समूह चार तारखांना विभागून बोलावला असता तर तेवढेच रक्त कितीतरी जास्त रुग्णांना लागले असते. यात एका थेंबाचीही वाढ लागत नाही, लागतो तो फक्त तारखा ठरवणारा माणूस.

पैशांनाही हेच लागू आहे. आमची देणगी सणात येते, पण तुमच्या वसतिगृहाचे भाडे, शिक्षिकेचा पगार आणि विजेचे बिल दर महिन्याला येते. मग सणात जे मागता तेच बारा भागांत मागा. दरमहा ठरावीक लहान रक्कम आपोआप जावी अशी सूचना बँकेला एकदा देऊन ठेवता येते, आणि ती हवी तेव्हा थांबवता येईल एवढे त्यासोबत स्पष्ट लिहा. इथे एक व्यावहारिक अडचण मी जाणते. अनेक ठिकाणी प्रत्येक ऑनलाइन व्यवहारामागे काही शुल्क ठरलेले असते आणि रक्कम जितकी लहान तितका त्या शुल्काचा वाटा मोठा होतो. त्यामुळे कोणता मार्ग सर्वांत कमी खातो हे तुम्ही शोधून आम्हाला सांगा, आम्ही त्या मार्गाने देऊ. आणि कृपया दरमहाच्या या लहान रकमांना एकाच खर्चाच्या खुंटीला बांधू नका. मोठा देणगीदार खोली बांधून देतो, त्या खोलीचा दिवा जळता ठेवण्याचे काम आमच्याकडे द्या. ‘तुमचे पैसे वीजबिलात गेले’ हे वाक्य माझ्या मते अपमानाचे नाही. उलट तुमच्या कार्यालयातल्या हिशेबनिसाचा पगार आमच्या पैशांतून गेला असेल तर तेही निःसंकोच लिहा, कारण तो माणूस नसता तर माझी पावतीच फाटली नसती.

हे पत्र सणाच्या तोंडावर पोहोचेल आणि तुमची घाई मला दिसते आहे, म्हणून या वर्षी सगळे बदला असे मी म्हणत नाही. ‘नको’ची यादी लावणे, फिरती यादी थांबवणे आणि पिशवी एकदाच देणे या तीन गोष्टींना पैसे लागत नाहीत, तेवढ्या आत्ता करता येतील. माझी रक्कम या वेळी मी एकदम पाठवत नाही, तिचे बारा भाग करून पहिला भाग पाठवत आहे. खोकी निवडायला या सणात मी येणार नाही. सणानंतरच्या तिसऱ्या आठवड्यातले शनिवार-रविवार मी मोकळे ठेवले आहेत, तेव्हा ज्यांना माणूस हवा असेल त्यांनी कळवावे. चित्रकोडी मोजण्याचा मला सराव आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
‘इतर’ या रकान्यातील एक देणगीदार